किलवणी नाक्यावरून : वंशावळीत मी कुठे आहे?



मागच्या महिन्यात या सदरात वाळवणांविषयी लिहिलं, तर निम्म्या मंडळाचे फोन आले. या महिन्याचा विषय तेवढा चविष्ट नाही. विषय आहे वंशावळ. तरुण मंडळींनी लगेच पुढे सरकू नये, कारण हा विषय माझ्या डोक्यात घातला तो माझ्या चोवीस वर्षांच्या लेकीनेच.

झालं असं. गेल्या माघात माझे वडील गेले. नव्वदीला आले होते, अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. आम्ही चार भावंडं. मी थोरली, माझ्या पाठचे नाना आणि अप्पा, आणि शेवटची धाकटी. माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, कळवण तालुक्यातलं. शेती नाना बघतो. लग्न होऊन मी सिल्वासात आले तेव्हा इथे नवे नवे कारखाने उघडत होते आणि किलवणी रस्त्याला संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळायची नाही. आता त्याच रस्त्यावर आमचा फ्लॅट आहे आणि रात्री अकरालाही हॉर्न थांबत नाहीत. असो.

जूनमध्ये एका संध्याकाळी नानाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची, त्यासाठी प्रतिज्ञापत्राला जोडायची वंशावळ होती ती. पांढऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारलेल्या, नानाचं अक्षर मुळातच सुंदर. सगळ्यात वर पणजोबा, खाली आजोबा, त्यांच्याखाली बाबा, आणि बाबांच्या खाली दोन चौकोन. एकात नाना, एकात अप्पा. सोबत मजकूर : "ताई, नावं बरोबर आहेत ना बघ."

मी चष्मा लावून पाहिलं. नावं बरोबर होती. पणजोबांच्या नावातला रफारसुद्धा बरोबर होता. मी अंगठा पाठवणार, तेवढ्यात लेकीने मागून डोकावून पाहिलं.

"आई, यात तू कुठे आहेस?"

"अगं, मुलींची नावं नसतात त्यात," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मग माझं मलाच ते ऐकू आलं.

"बरं, आजी कुठे आहे?"

आजी, म्हणजे माझी आई, त्यात नव्हती. माझी आजी नव्हती, पणजी नव्हती. चार पिढ्या आणि एकही बाई नाही. झाडाला फांदी फुटावी तसे आमच्या घराण्यात पुरुषाला पुरुष फुटत आले होते जणू.

मी नानाला फोन लावला. तो बिचारा गडबडला. म्हणाला, "ताई, तुला जमीन नको असं तूच म्हणाली होतीस ना? बाबांच्या तेराव्याला, सगळ्यांसमोर."

"जमीन नको म्हटलं होतं, नाना. मी नाहीच, असं कुठे म्हटलं होतं?"

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "आता कागद झालाय ताई, नोटरीची वेळ घेतलीय." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. जन्मात कधी वाटणीवरून वाकडा शब्द न निघालेल्या घरात मी तो काढला असं त्याला वाटलं असावं. पुढचे पंधरा दिवस आमचा फोन झाला नाही.

त्या पंधरा दिवसांत मी एकच गोष्ट शोधत बसले. माणसं वंशावळ लिहितात तरी कधी? हौसेने कोण लिहितो? जेवढं वाचत गेले तेवढं एक पक्कं होत गेलं. वंशावळ बहुतेक वेळा लिहिली जाते ती हक्क सांगायची वेळ येते तेव्हा. आणि मग ज्यांच्या हक्काचा प्रश्न असतो त्यांचीच नावं तिच्यात येतात.

तंजावरचं उदाहरण घ्या. तिथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर भोसले घराण्याचा आख्खा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो कोरून घेतला सरफोजीराजे दुसरे यांनी, १८०३ साली. आपल्याला वाटतं, काय हा पूर्वजांचा अभिमान! अभिमान असेलच. पण सरफोजीराजे दत्तक होते. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं, तरी गादीवर आधी बसले ते तुळजाराजांचे भाऊ अमरसिंह. दत्तकाचा वाद मिटून सरफोजी गादीवर यायला १७९८ उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. अशा माणसाने वंश दगडावर कोरून ठेवला, यात नवल नाही. आपण कुठून आलो हे त्याला लोकांपुढे मांडायचं होतं.

आपल्या या दादरा नगर हवेलीचंही तसंच. १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यावरून १७८३ मध्ये नगर हवेलीची गावं पोर्तुगिजांकडे गेली आणि १७८५ मध्ये दादरा. ते कागद दप्तरात पडून राहिले. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे ते कागद पुन्हा बाहेर आले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने त्यांचा अर्थ लावला : पेशव्यांनी दिली होती ती जहागीर, सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व नव्हे. आपण रोज ज्या रस्त्यावरून दूध आणायला जातो त्या रस्त्याची मालकी कुणाची, हे ठरवताना तिकडे युरोपात 'सरंजाम' या शब्दावर खल झाला. कागदात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, याला किती वजन असतं ते यावरून कळतं.

मी हे सगळं लेकीला ऐकवत होते. ती 'डाऊनटन ॲबी' ही इंग्रजी मालिका दुसऱ्यांदा बघत होती. ती म्हणाली, "यातही तेच आहे. तीन मुली आहेत, पण वारस टायटॅनिकवर बुडाला म्हणून सगळी इस्टेट कुठल्या तरी लांबच्या भावाला जाणार. ज्याला कुणी पाहिलेलंही नाही!" मग आम्ही दोघींनी मिळून इंग्रजांच्या सरदार घराण्यांची चौकशी केली. त्यांच्याकडे राजाने नेमलेले खास अधिकारी होते, त्यांचं काम घराण्यांची मानचिन्हं आणि वंशावळी तपासायचं. १५३० पासून १६८८ पर्यंत हे लोक काही काही वर्षांनी एकेका परगण्यात जायचे, तिथल्या खानदानी लोकांना बोलावून घ्यायचे आणि त्यांच्या पिढ्या लिहून घ्यायचे. ज्याचा दावा खोटा ठरेल त्याचं नाव जाहीर करायचे, की हा काही घरंदाज नव्हे! आपल्याकडच्या वतनाच्या महजरांची आठवण यावी असाच प्रकार.

गंमत अशी की या इंग्रजी वंशावळींत मुलींची नावं आहेत. अमुकची मुलगी, तमुकला दिली, असं सगळं नोंदवलेलं. लेकीला आनंद झाला. पण थोडं पुढे वाचल्यावर कारण कळलं. मुलगा नसेल तर बापाचं मानचिन्ह आणि बरेचदा जमीनही मुलीच्या वाटेने तिच्या मुलांकडे जाई. म्हणून ती कुठे दिली हे लिहून ठेवणं भाग होतं. थोडक्यात, नाव मुलीचं असलं तरी काळजी तिच्याबरोबर जाणाऱ्या मालमत्तेची होती.

आपल्याकडच्या सरदार घराण्यांतही बाईचं नाव टिकलं ते असंच. आमच्या कसमाद्याच्या दोन गोष्टी सांगते. कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. सिल्वासात या भागातले पुष्कळ जण आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहिली उमाबाई दाभाडे यांची. आमच्याच तालुक्यातल्या अभोण्याच्या ठोक्यांची ही लेक तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांना दिली. सप्तशृंगी गडाच्या जुन्या पायऱ्या बांधून घेतल्या त्या यांनीच. मी लहानपणी त्या पायऱ्या आजीचं बोट धरून चढले आहे. खंडेराव १७२९ मध्ये गेले. १ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत थोरला मुलगा त्र्यंबकराव मारला गेला. समोर बाजीराव पेशवे होते. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं, पण ते अजाण होते, म्हणून कारभार उमाबाईंनी हाती घेतला. गुजरातेतल्या मराठ्यांच्या राजकारणाची सूत्रं काही काळ या अभोण्याच्या लेकीकडे होती. आज त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण नवरा गेला, कर्ता मुलगा गेला आणि दुसरा लहान होता. तिघांतला एक जरी धड राहता, तर उमाबाई वंशावळीच्या कुठल्याशा कोपऱ्यात गेल्या असत्या.

दुसरी गोष्ट बडोद्याची. आपल्यातल्या कित्येकांचे नातेवाईक तिथे आहेत. खंडेराव गायकवाड नोव्हेंबर १८७० मध्ये वारले तेव्हा राणी जमनाबाईंना दिवस गेलेले होते. मुलगा झाला तर गादी त्याची. त्यामुळे सगळं संस्थान थांबून राहिलं. ५ जुलै १८७१ ला मुलगी झाली, ताराबाई. आणि त्या बरोबर गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांची झाली. विचार करा, एका मुलीच्या जन्माची तारीख इतिहासात नोंदली गेली ती ती मुलगा नव्हती म्हणून!

पुढे १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं आणि जमनाबाईंना दत्तक घ्यायला सांगितलं. मुलगा गायकवाडांच्या वंशातलाच हवा. शोध सुरू झाला आणि तो येऊन थांबला मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला. मूळ घराण्यातून फार पूर्वी फुटलेली एक धाकटी शाखा तिथे शेती करून राहत होती. राजवाड्याच्या लेखी त्यांना काही महत्त्व नव्हतं. काशीराव गायकवाड आपल्या तीन मुलांना घेऊन बडोद्याला गेले. का आलास असं विचारल्यावर मधल्या गोपाळने राज्य करायला आलो असं बेधडक सांगितलं, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ ला बारा वर्षांचा तो गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात मुलांबरोबर मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

मला या गोष्टीतलं कवळाणं फार महत्त्वाचं वाटतं. गरज पडेपर्यंत त्या शाखेची आठवण कुणी काढली नव्हती. पण आपण कुणाचे कोण हे त्या शेतकरी घराने जपून ठेवलं होतं. ते विसरले असते, तर बडोद्याला सयाजीराव मिळाले नसते.

आता पुन्हा माझ्या घरी येऊ. हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं, राण्यांची नावं निदान संकटात तरी लिहिली गेली. आमच्या घरात संकट आलं नसेल का? लेकीने महाराष्ट्राच्या महसूल खात्याचं 'आपले अभिलेख' हे संकेतस्थळ उघडलं. नाशिक जिल्ह्याचे जुने फेरफार त्यावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. गट नंबर, जुने सर्व्हे नंबर, गावाचं नाव असं करत दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री १९१९ सालचा एक फेरफार सापडला. पणजोबा मयत. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, दुसरं काय असणार. वारस म्हणून माझ्या आजोबांचं नाव, वय ८. आणि त्यापुढे : अ. पा. क. आई भागीरथी.

जुने सातबारे पाहिलेल्यांना ही अक्षरं माहीत असतील. अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असलं की त्याच्या वतीने सांभाळणारं माणूस. मी पडद्यावर बोट ठेवून ते नाव दोनदा वाचलं. आमच्या घरात तिला सगळे मोठमाय म्हणत. तिचं नाव भागीरथी होतं हे मला त्या रात्री, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. आठ वर्षांच्या पोराच्या नावावर जमीन ठेवून, भाऊबंदांच्या गराड्यात दहा-बारा वर्षं तिने ती राखली. आज नाना ज्या जमिनीत कांदा लावतो ती जमीन आमच्याकडे आहे ती या बाईमुळे. आणि नानाच्या कागदावर ती नव्हती.

लेक म्हणाली, "म्हणजे उमाबाई दाभाडे सेनापतीपदाच्या अ. पा. क. होत्या!" मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

त्या फेरफाराचा फोटो मी नानाला पाठवला. वर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा फोन. "ताई, ही आपली मोठमाय का गं?" आणि मग, "त्र्यंबकच्या गुरुजींकडे आपली वही आहे, बाबा सांगायचे. जाऊ या का?"

पुढच्या रविवारी आम्ही इकडून निघालो, तो कळवणहून. खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. पावसाळ्यात हा रस्ता काय दिसतो ते तुम्हाला माहीत आहे. जव्हारला चहाला थांबलो. तिथल्या मुकणे घराण्याचं राज्य चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत चाललं. लेक म्हणाली, "सहाशे वर्षांत मुली किती झाल्या असतील!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भजी मागवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्र्यंबकेश्वर, नाशिक अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, नामावळी म्हणतात त्यांना. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी तुमची वही काढतात. तुमच्या घरचं कोण कधी आलं, कशासाठी आलं, सोबत कोण होतं, ते त्यात असतं. जुनं बरंचसं मोडीत. आमच्या गुरुजींनी गाव ऐकलं, आत गेले आणि दहा मिनिटांत लांबुळकी वही घेऊन आले. बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबले. शके १८६६, म्हणजे १९४४, सिंहस्थ. ते वाचत गेले. आधी आजोबांचं नाव, मग "मातोश्री भागीरथी", तिच्या माहेरच्या गावाचं नाव, मग आजोबांची बायको, म्हणजे माझी आजी, आणि सोबत "चिरंजीव, वय ९".

ते चिरंजीव म्हणजे आमचे बाबा.

नाना काही बोलला नाही. उपरण्याने तोंड पुसल्यासारखं केलं. गुरुजींना अशा गोष्टींची सवय असावी, त्यांनी शांतपणे पेन पुढे केलं आणि म्हणाले, "पुढची नोंद सांगा." नाना सांगू लागला. बाबांचं नाव, तिथी. मग आईचं नाव, तिच्या माहेरचं गाव. मग म्हणाला, "मुलं चार." आणि वयाप्रमाणे सांगितलं. पहिलं नाव माझं.

मला वाटलं, झालं, मिळालं मला जे हवं होतं ते. गोष्ट इथे संपवली असती तर सदर छान झालं असतं. पण परतीच्या वाटेवर लेकीने विचारलं, "मावशीला कुणी विचारलं का?"

धाकटी सटाण्याला असते. सात वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. शिवणकाम करते, मुलगा शिकतो आहे. बाबांच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर मोठ्या मनाने म्हटलं होतं, "आम्हा बहिणींना काही नको." आम्हा! माझा नवरा निवृत्त झाला, फ्लॅट आमचा आहे, लेक कमावते. मला नको म्हणणं सोपं होतं. त्या एका वाक्यात मी धाकटीच्या वतीनेही बोलून मोकळी झाले होते. तिने मान खाली घातली होती, आणि मी ती संमती समजले. नानाच्या कागदावर तिचा चौकोन नव्हता, कारण तो आधी मीच पुसला होता. नानावर रागावण्याचा मला काय अधिकार?

घरी पोचल्यावर रात्रीच तिला फोन केला. आधी म्हणाली, "जाऊ दे ना ताई, नानाला वाईट वाटेल." मी गप्प राहिले. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "पोराच्या फीचं बघायचं होतं." एवढंच.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तरुण मुलींना हे ठाऊक हवं. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानेच येतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. हक्क नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. पण ते ज्याचं त्याने करायचं, समजून उमजून. आणि हक्क सोडायचा असेल तरी आधी नाव तर हवं! जी कागदावरच नाही ती सोडणार काय?

नानाने नवी वंशावळ केली आहे. परवाच फोटो आला. पणजोबांच्या शेजारी भागीरथी, आजोबांच्या शेजारी आजी, बाबांच्या शेजारी आई, खाली चार चौकोन. अप्पा थोडा नाराज आहे. "आता हे नवीन काय काढलं?" असं तो वहिनीला म्हणाल्याचं कानावर आलं. मी माझ्यापुरतं हक्कसोडपत्र करेन, तसं नानाला सांगितलं आहे. धाकटी करणार नाही. पुढच्या महिन्यात चौघं बसणार आहोत. काय होईल ते होईल. बोलणं अवघड जाणार हे खरं, पण ते चौघांत होईल, दोघांत नाही.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आपल्या मंडळातली बरीचशी मुलं इथेच जन्मली, सिल्वासा, वापी, दमण हेच त्यांचं गाव. "मूळ गाव कुठलं?" विचारलं तर तालुका सांगतात, गावावर अडतात. पणजीचं नाव विचारलं तर हसतात. मीही सत्तावन्न वर्षं त्यांतलीच होते, त्यामुळे कुणाला बोलणार?

गणपतीला गावी जाल तेव्हा एक कोरी वही न्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आजोबांचं नाव विचारायच्या आधी आजीचं विचारा, तिचं माहेरचं नावही विचारा, कारण लग्नात ते बदललेलं असू शकतं. तिच्या बहिणी कुठे दिल्या ते विचारा. जी मुलं लहानपणी गेली त्यांचीही नावं लिहा. जुन्या लग्नपत्रिका, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचे, शेताचे कागद यांचे फोटो काढा. जुन्या फेरफारांत 'अ. पा. क.' दिसलं तर थांबा, तिथे तुमची एखादी मोठमाय भेटेल. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारी माणसं अजून आहेत, शोधा. आणि हे सगळं एखादा दाखला काढायचा आहे, नोंद करायची आहे, म्हणून करू नका. काम पडल्यावर लिहिलेल्या वंशावळीत कामाचीच माणसं येतात.

सरफोजीराजांना आख्खी भिंत लागली. आपल्याला शंभर पानी वही पुरेल. आमची वही लेकीने सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिने वर भागीरथी लिहिलं आणि खाली एक रेघ सोडली. तिच्या आईचं नाव अजून सापडायचं आहे. वहीत नोंदलेलं ते माहेरचं गाव आमच्याकडून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. नाना म्हणाला, चौघं बसू त्या दिवशी सकाळी तिकडे जाऊन येऊ.

काय सापडतं ते पुढच्या महिन्यात कळवते. तोवर तुमच्या पणजीचं नाव मला पाठवा. नाव ठाऊक नसेल तर आज रात्रीच गावी फोन लावा.